शेजारच्या अज्जींच्या बोअरचं पाणी

अप्पा, आज पहिल्यांदा वाटतंय, तुम्ही नाही आहात तेच बरं. म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीत, आपल्या कापड रंगवायच्या शेडमध्ये बसले आहे. सकाळी शेजारच्या अज्जींनी कंपाउंडवरून तांब्या पुढं केला. "नोडम्मा, नीरु केंपगिदे," म्हणाल्या. बोअरचं पाणी खरंच तांबूस होतं. "पाइप गंजला असेल, अज्जी," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि तेच पाणी घेऊन आत गेल्या.

सरकारनं लुडबूड करू नये, ज्याचं त्याला करू द्यावं, हे तुम्ही म्हणायचात, मीही कारखानदारांच्या बैठकीत तेच ठणकावून सांगते. बापाची लेक, म्हणतात सगळे. पण मी म्हणते ते अशासाठी, की मोकळीक असली की धंदा वाढतो, चार घरच्या चुली पेटतात, एकूण भलं होतं. त्या एकूणात एखाद्या म्हातारीचा तांब्या कुठं दिसतो?

मी लहान असताना आपल्या चामराजपुरमच्या घराच्या परसात समाजाची मंडळी आली होती. अमावास्येला कुणी रंगाची भट्टी पेटवायची नाही, म्हणे. तुम्ही रंगाचे हातही न पुसता म्हणालात, "हंडी माझी, हात माझे. तुमाला काय करायचं, स्वामी?" मला केवढा अभिमान वाटला होता! आणि त्याच वर्षी आपलं सांडपाणी शेजाऱ्यांच्या मोगऱ्याच्या वाफ्यात शिरलं, तर तुम्ही स्वतःच भट्टी विझवलीत. चर नीट होईपर्यंत काम बंद. आई रडकुंडीला आली. "ते काय बोल्ले नाईत की! सुम्ने, उगाच कशाला बंद करता?"

"माझ्या हंडीला कोण हात लावायचा नाई, तर त्याच्या मातीला मी कसा लावू? साकु, बस झालं."

मी शहाणपणानं म्हटलं, "पण मोगरा फुललाय की, अप्पा."

तुम्ही असे वळलात माझ्याकडे! "फुलला म्हणून आपलं पाणी तिथं सोडलेलं चाललं काय गं?"

मला पटलं नव्हतं. अजून पटलंय की नाही, सांगता येत नाही. कामगार विचारतायत, दुपारचा रंगाचा घाणा लावायचा का. शेड बंद ठेवली तर ऑर्डर जाईल, त्यांची मजुरी बुडेल. हे सगळं खरं आहे, आणि त्याच्याआड मी लपतेय.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही, म्हणून लिहिते. सांडपाण्याच्या टाकीला तडा गेलाय, हे मला दसऱ्यापासून ठाऊक आहे.