एक दिवसाआड थंडी

४ ऑगस्ट २००६, अहेरी
परत बोट टोचलं! हिवताप खात्याचे डोमाभाऊ सकाळीच दारात, काचपट्टी घेऊन. "बाई, एक दिवसाआड थंडी म्हंजे मलेरियाच." अहो, एक दिवसाआड इंजेक्शन घेते म्हणून एक दिवसाआड ताप! किती वेळा सांगायचं? शाळेत दहावीला विज्ञान शिकवते मी, आणि घरी कोणी ऐकत नाही. नवराही नाही. म्हणतो, "देऊन टाक ना थेंबभर रक्त, तुयं काय जाते?"

७ ऑगस्ट
आज डोमाभाऊंना ओट्यावर बसवून धडाच घेतला. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, मलेरिया नाही. नागपूरचे डॉक्टर बोलले तेच सांगितलं — पेशींवर रिसेप्टर असतात, जंतू ओळखणारे पहारेकरी. जंतू दिसला की इंटरफेरॉनचा निरोप धाडतात, अंगात ताप भरतो. माझे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बोंबलतात, आणि नसांवरचं आवरण सोलून निघतं. उपाय काय, तर तोच निरोप सुईतून! त्याने भडका कसा शमतो ते डॉक्टरांनाही पुरतं ठाऊक नाही. म्हणाले, "शमतो, एवढं खरं."

डोमाभाऊंनी शांतपणे मान डोलावली. मग — "समजलं, बाई. आता बोट द्या." कपाळ माझं! दिलं.

८ ऑगस्ट
शाळेचा जिना चढले. कठडा न धरता!

१२ ऑगस्ट
पाय जड. खुर्चीत बसूनच शिकवलं. या आजारात ताप चढला की पाय असे जड होतील, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. इंजेक्शनचाच ताप, दुसरं काय? तरी भीती वाटते. शाळेत चालत जाता यावं, एवढंच तर मागते मी.

आणि त्यात हे डोमाभाऊ! संध्याकाळी पुन्हा दार वाजवलं. "बाई, जरा आयका तर..." उघडलंच नाही. मी आतूनच ओरडले — रक्त संपलं माझं, जा! ते खूप वेळ उभे होते. मग सायकलचा आवाज आला.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन चुकलं. दोन दिवस इंजेक्शन बंद ठेवलंय, तरी थंडी वाजतेच.  

१६ ऑगस्ट
पाय उचलवत नाहीत. नवरा डोमाभाऊंना घेऊन आला. त्यांनी सुई काढलीच नाही, गोळ्या काढल्या. "सात तारखेची पट्टी पॉझिटिव्ह आली, बाई. त्या दिवशी तेच सांगाले आलो होतो."