सीतेची वेणी हे बांडगूळ नव्हे

गंगटोक, १४ मे

आदरणीय बाबांना साक्षीचा सविनय जयभीम.

प्रथम वस्तुस्थिती. मढच्या आपल्या आंब्यावर मी सीतेची वेणी ही आमरी, म्हणजे ऑर्किड, बांधली. तुम्ही ती बांडगूळ समजून कोयत्याने उतरवलीत. आईने दटावल्यावर शेणखताच्या कुंडीत पुरलीत. वर फोनवर मलाच ऐकवलेत, "पोरगी लई शिकली, पण बांडगूळ वळखंना!"

बांडगूळ झाडाचा रस शोषते; आमरी केवळ फांदीचा आधार घेते आणि हवेतला ओलावा पिते. कुंडीत तिची मुळे कुजतील. तिला तत्काळ पुन्हा फांदीवर सुतळीने बांधावे.

परंतु असला दुखरा गुडघा घेऊन तुम्ही आंब्यावर चढलातच कसे? या वेळी शेजारच्या सुनीलदादाला चढवा.

मुळे हिरवी आहेत की काळी, आणि गुडघा कसा आहे, हे लेखी कळवावे. फोनवर तुम्ही दोन्ही "झ्याक" सांगता.

आपली,
साक्षी