साधारण माणसाचं प्रतिज्ञापत्र

विश्रामबाग, सांगली
१० डिसेंबर १९७५

तीर्थरूप दाजी,

धन्यकुमारचा जय जिनेंद्र. उंब्रजला ताईचे गुडघे आणि तुमचा खोकला दोन्ही ताळ्यावर असतील अशी आशा आहे. इकडे प्रकृती ठीक आहे, डोकं नाही.

तुमच्या होणाऱ्या जावयाने, जवाहरने, माझी पंचाईत केली आहे. त्याने विजेची एक केबल शोधली आहे. ती द्रवरूप हेलियममध्ये इतकी गार ठेवायची, की वीज कुठे अडतच नाही. (महाबळेश्वरची थंडी तिला उन्हाळा वाटेल.) पण गारठ्याने तार आकसते आणि तुटते, म्हणून याने ती मळसूत्रासारखी गुंडाळली, आकसली तरी वेढे सांभाळून घेतात. आता एका परदेशी कंपनीने पेटंटला हरकत घेतली आहे, की यात शोध कसला, हे तर धंद्यातल्या कुणाही साधारण माणसाला सहज सुचलं असतं. आणि वरपक्ष म्हणतो, पेटंट मिळाल्याशिवाय पद्मावतीच्या लग्नाची तारीख धरायची नाही. म्हणून जवाहरच्या वकिलाने माझं मत मागवलं आहे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे उघडच आहे. दुसऱ्यांदा वाटलं, मुळीच नाही. तिसऱ्यांदा वाचणार तोच राजमतीने जेवायला हाक मारली (दिवस मावळायच्या आत जेवलो नाही तर उपाशी झोपावं लागतं, तुम्हाला ठाऊकच आहे). तिला सांगितलं तर म्हणाली, टेलिफोनची दोरीसुद्धा वेटोळीच असते की. मग कॉलेजचा वायरमन गुंडा याला सगळं समजावून विचारलं, तुला हे सुचलं असतं का? "व्हय की सर, त्यात काय हाय," म्हणाला. माझा चेहरा उतरलेला पाहून लगेच, "न्हाई, न्हाई सुचलं नसतं. तुमी म्हनशीला तसं." सरांचं मन मोडायची आपल्याकडे रीत नाही, हे मी आधी लक्षात घ्यायला हवं होतं. शिवाय उत्तर सांगून बसल्यावर कुणाला काय सुचलं असतं हे आता कसं कळणार?

शेवटी वकील म्हणाला, दुसऱ्यांचं सोडा, तुम्हाला सुचलं होतं का? इथे मी सापडलो. इतकी वर्षं केबल शिकवतोय, कधीच सुचलं नाही. तो म्हणाला, मग तेच लिहून द्या. म्हणजे मी शपथेवर लिहायचं, की मी धंद्यातला साधारण माणूस आहे आणि म्हणूनच मला सुचलं नाही. सुचलं असतं म्हणालो तर मी हुशार, आणि भाची बिनलग्नाची. अजून सही केलेली नाही. मन धजत नाही.

आपला,
धन्यकुमार

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. काल पद्मावती आली. काही मागितलं नाही, नुसता चहा करून दिला आणि शेजारी बसून राहिली. मला राहवलं नाही. सही केली.

ता. क. २: साधारण माणूस हवा म्हटल्यावर माझं नाव तुम्हीच सुचवलंत, असं वकिलाकडून कळलं. असो.

ता. क. ३: एकच मागणं आहे. लग्नपत्रिकेत मामा म्हणून माझं नाव येईल, त्यापुढे माझ्या सगळ्या पदव्या छापाव्यात. जागा पुरली नाही तर मुहूर्त बारीक अक्षरांत घ्यावा.