दादाच्या बेसच्या तारा

१२ ऑगस्ट, सकाळ

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतोय, गीझर मीच दुरुस्त केला, शेजारच्यांची मांजर पुन्हा आपल्याच गॅलरीत व्याली.

आता हस. तुझा बाप दादाची बेस गिटार शिकतोय! तो गेल्यापासून ती कोपऱ्यात धूळ खात होती, बघवेना. त्याच्या बँडमधला गिटारवाला मित्र दर शनिवारी येतो. त्याला म्हटलं, गाणी-बिणी नकोत. दादा कार्यक्रम संपवताना घंटेसारखा आवाज काढायचा, तेवढाच शिकव. त्याला हार्मोनिक म्हणतात. तार दाबायची नाही. गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पट्टीच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवायचं, उजव्या हाताने तार छेडायची आणि टेकवलेलं बोट लगेच उचलायचं. जन्मभर नळ आवळलेला माणूस मी, दाबल्याशिवाय हाताला चैन कुठली! पोरगा म्हणतो, "काका, तिचा गळा धरू नका."

हळूहळू हात हलका झाला, तरी आवाज आपला बसकाच. "तारा मेल्यात, काका," तो बोलून गेला आणि जीभ चावली. बेसवाले तारा सहसा बदलत नाहीत म्हणे. दादाने तर वर्षानुवर्षं बदलल्या नव्हत्या. त्याच्या बोटांचा घाम मुरलाय त्यांत. मी साफ नाही म्हटलं. आवाज गेला खड्ड्यात.

आईचं तू दर फोनला विचारतेस आणि मी "बरी आहे" म्हणतो. बरी नाही गं. दादा गेला तरी तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. मी गिटार घेतली की दाराशी येऊन उभी राहायची, बस्स. परवा तीच म्हणाली, "एकदा त्याच्यासारखी वाजवा ना हो."

मग काय करणार? पोराला बोलावलं. जुन्या तारा मीच काढल्या. नव्या चढवल्या, बोट टेकवलं, छेडलं, उचललं. लख्ख घुमला बघ. अगदी दादाचाच.

आई हातातली पळी टाकून धावत आली. आधी खोलीभर बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही होय," म्हणाली आणि तिथेच खाली बसली. तेव्हापासून रडतेय. इतके दिवस जेवायला तीन ताटं घ्यायची. काल दोनच घेतली. मला वाटायचं, रडली की मोकळी होईल. आता ती दोन ताटं मलाच बघवत नाहीत.

रजेचं नंतर बघू. मिळेल त्या गाडीने ये, बाळा.

तुझी आणि तिची वाट बघणारा, आता एकट्याने न पेलवणारा,
बाबा