दर तीन तासांनी अंडी फिरवण्याबाबत

नांदेड, बुधवार सकाळ

आदरणीय केरबामामा,

तुम्हांला व पंचफुलामामींना जयभीम. गुडघा कसा आहे ते सविस्तर कळवावे (मोघम नको). माझी प्रकृती ठीक आहे. अंड्यांची सांगतो.

चितकबरीला मुंगसाने नेल्यावर तिची मागे राहिलेली वीस अंडी मामींनी विश्वासाने माझ्याकडे दिली. खोक्यात बल्ब, खाली मोटर आणि दोन्हींवर देखरेखीला एक छोटा संगणक, अशी व्यवस्था मी केली. अंडी दर तीन तासांनी फिरवायची होती. साध्या प्रोग्रामला संगणक कधीकधी ताटकळत ठेवतो, म्हणून माझा कोड थेट कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या माजघरात, मॉड्यूल करून बसवला. (डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला, कर्नल तिसऱ्या वर्षाला होता.) तिथला टायमर एकदाच येतो. पुन्हा यायचे तर त्याने आपल्या माणसांसारखे निघताना "येतो" म्हणावे लागते, आणि किती वेळाने तेही सांगावे लागते. मी दहा हजार आठशे सांगितले. मला सेकंद म्हणायचे होते. कर्नल स्वतःचे ठोके मोजतो, सेकंदाला शंभर. त्यामुळे अंडी दर एकशे आठ सेकंदांनी फिरू लागली. घरमालकीण साखराबाई बघून म्हणाल्या, "आरं, कोंबडी येवढी फिरवती व्हय? पिल्लू चक्कर यिऊनच भाईर पडंल की!"

मी जुने मॉड्यूल काढले, सुधारलेले बसवले, कुलूप दोनदा ओढून पाहिले आणि दुकानावर कामाला गेलो. पण "येतो" म्हणून गेलेल्या जुन्या टायमरला, आता येऊ नको, असे कळवायचे राहिले. तो वेळेवर आला. त्याचे घर, म्हणजे जुने मॉड्यूल, जागेवर नव्हते. संगणक जागीच गोठला. ऊब पुरेशी असल्याने बल्ब त्या क्षणी विझलेला होता, तो संध्याकाळपर्यंत विझलेलाच राहिला.

टॉर्च लावून पाहिले. चौदा अंड्यांत अजून लाल शिरा हलत आहेत.

आपला भाचा,
धम्मानंद

ता. क. कोड आता निर्दोष आहे. आधी टायमर थांबवतो, मगच मॉड्यूल काढतो. मामींनी निर्धास्त राहावे.

ता. क. २ हे पत्र भोकर गाडीच्या वाहकाकडे दिले आहे. तुमच्या शेजारच्या ज्योत्स्नाताईंची कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली आहे असे ऐकले. ती परतीच्या गाडीने टोपलीत घालून पाठवावी. चौदा अंडी तिच्याखाली मावतात.

ता. क. ३ ती दाणे टिपायला उठली, तर परत येऊन बसायचे तिला सांगावे लागते का? मामींना विचारावे, माझे नाव न घेता.