बुधवारची गाडी

१४ मार्च, दुपार

ठमे,

तुला आशीर्वाद. जावईबापूंनाही. हा शब्द पहिल्यांदाच लिहिते आहे, सांभाळून घे.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात. वाचनालयातली पुस्तकं संपली, आता तीच दुसऱ्यांदा वाचते.

मागच्या आठवड्यात रेल्वेचा कारकून आला होता. आपलं बंद स्टेशन पाडणार आहेत, तिथे फलक लावायचाय. म्हणाला, "आजी, तुम्ही मास्तरांच्या घरच्या. इतिहास सांगा की." म्हटलं, "इतिहास राजांचा असतो बाबा, आमचं नुसतं वेळापत्रक." तरी दोन पानं लिहून दिली. खाण चालू होती तोवर दिवसाला सहा गाड्या. खाण बंद पडली आणि एकच उरली, संध्याकाळची. तीही कुणी चढणार-उतरणार असलं तरच थांबायची. घरच्यांनी आधी कळवायचं, मग तुझे बाबा लाल झेंडी दाखवायचे. नाहीतर हिरवी.

एवढं लिहिलं आणि हात थांबला.

आमच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलीस, त्यानंतर वर्षभराने तुझं पत्र आलं. "बुधवारी येते, बाबांना गाडी थांबवायला सांग." ते माझ्या हातात पडलं. बाबांचा राग केव्हाच निवळला होता, माझा नव्हता. मी पत्र पिठाच्या डब्यामागे सारलं. बुधवारी त्यांनी विचारलं, "आज कुणी उतरणार आहे का गं?" मी म्हटलं, "इथं कोण कशाला तडमडायला येतंय!"

त्यांनी हिरवी दाखवली.

घरी येऊन म्हणाले, "खिडकीत ठमीसारखी कुणी दिसली." मी म्हटलं, "डोळे तपासा." त्यांनी खरंच चष्मा करून आणला.

पुढे तुझं पत्र आलं नाही. बाबा मात्र स्टेशन बंद होईपर्यंत दर बुधवारी लाल झेंडी दाखवत राहिले. गार्ड ओरडायचा, "मास्तर, उतरणार कोण?" "उतरेल एखादं," म्हणायचे. वरून दोनदा ताकीद आली. मी सगळं ऐकत होते, तोंड उघडलं नाही. ते गेले तेव्हा तू आली नाहीस. तुझं तरी काय चुकलं? बापानेच दार लावलं असं तुला वाटलं असणार.

दार मी लावलं, ठमे. शेवटपर्यंत त्यांनाही सांगितलं नाही.

माफ कर असं म्हणत नाही. त्यांच्यावरचा राग तेवढा काढून घे आणि माझ्याकडे पाठव. एकटीचं घर आहे, जागा भरपूर आहे.

तुझी म्हणवायचं की नाही, ते तुझ्यावर सोपवलेली,
आई