उलटी चेन

बुधवार, १८ जून

प्रिय धाकटे,

आशीर्वाद घे आणि दचकू नकोस, आई बरी आहे. हल्ली पत्र आलं की माणसाला वाईटच बातमी वाटते, म्हणून पहिल्या ओळीतच सांगून टाकलं. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर उजवा हात तेवढा अजून रुसलेला आहे, बाकी जीभ पूर्वीसारखीच चालते. तुझे भावजी मजेत. दुकानात शाळांच्या गणवेशांचा ढीग पडलाय आणि ऐन गर्दीत मशीनचा पट्टा तुटला. तुमच्या दातांच्या दवाखान्यात कसं चाललंय? तुझा खोकला गेला का?

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. एक तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. दुसरं, दुकान आणि आईची खोली यांच्यात फक्त एक पडदा आहे, आणि बाईसाहेबांचे कान अजून तरुण आहेत. हे तिच्या कानावर जाऊन चालणार नाही. म्हणून कुरियरने पाठवतेय, शनिवारच्या आत तुला मिळायला हवं. रविवारी आईचा फोन येईल, त्याआधी वाच.

विषय पाऊचचा आहे. हसू नकोस.

आईला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तू राहायला आली होतीस. जाताना तिला गळ्यात अडकवायचा पाऊच शिवून दिलास. माझ्याच मशीनवर, माझ्याच दुकानातल्या कातरणांचा. डाव्या हातात काठी, उजवा हात असून नसल्यासारखा, मग चष्मा, गोळ्या, रुमाल, फोन ठेवणार कुठे? कल्पना चांगली होती, नाही म्हणत नाही. पण शिलाई! टीप अशी वाकडी गेलेली की मी गिऱ्हाइकापुढे तो पालथा ठेवायचे. आणि समोरची चेन तू चक्क उलटी बसवलीस. सगळ्या जगाची चेन डावीकडून उजवीकडे उघडते, तुझी उजवीकडून डावीकडे. मी म्हटलंही तेव्हा, "अगं, उलटी बसली." तर म्हणे, "मला अशीच सरळ पडते." डावखुऱ्या माणसाशी कोण वाद घालणार! वर रनरला ओढायला पडद्याची कडी लावलीस. मी मनात म्हटलं, जाऊ दे, चार दिवस वापरेल, मग मी नीट शिवून देईन.

दिला की शिवून. तपकिरी कॉर्डुरॉयचा, आतून सॅटिनचं अस्तर, चेनवर झाकणपट्टी, म्हणजे चेन दिसतसुद्धा नाही. असं काम लोक माझ्याकडे शोधत येतात. आईने हात फिरवला, "किती गं सुबक!" म्हणाली, आणि कपाटात ठेवून दिला. "जपून ठेवते." गळ्यात तुझंच ते लोढणं.

धाकटे, शिंपिणीला "जपून ठेवते" म्हणणं म्हणजे काय असतं माहितीये? स्वयंपाक करणारीला "छान दिसतंय" म्हणून ताट सरकवणं. मला झोंबलं. चांगलंच झोंबलं.

मग मी तुझा पाऊच नीट पाहिला. नक्कल करायला नव्हे, काय आहे त्यात एवढं, म्हणून. कडी मोठी, बोट सहज अडकतं. बरं. दुसऱ्या पाऊचला मी झाकणपट्टी काढली आणि तुझ्यापेक्षाही मोठी कडी लावली. अस्तर गडद होतं, आतलं दिसत नसेल, म्हणून तिसऱ्याला पांढरं अस्तर घातलं. ते चेनच्या दातांत अडकायला लागलं, तर चेनलगत दाबटीप मारली. कापड लुळं पडतं म्हणून आत कॅनव्हास घातला. प्रत्येक वेळी आई म्हणायची, "अगं बाई, आधीच्यापेक्षा छान," आणि कपाट उघडायची. त्या कपाटात माझं प्रदर्शन भरलंय आणि तुझा बोळा तिच्या छातीवर! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगीच नाही.

तुझे भावजी म्हणाले, "अगं, असेल तिला त्याचा लळा, लांबच्या लेकीचा आहे." हे तर अगदी जखमेवर मीठ. लांबच्या लेकीचा! दुरून डोंगर साजरे. जवळची लेक आंघोळ घालते, केस विंचरते, गोळ्यांवरून कटकट करते, म्हणून ती कटकटीच. तू रविवारी फोनवर काहीतरी बोलतेस आणि ही इकडे खुदुखुदू हसते. मी विचारलं, "काय म्हणाली गं?" तर, "काही नाही, आमचं आपलं." आमचं! पडद्याअलीकडे बसून मी ते ऐकते आणि पाय आपोआप मशीनच्या पायटीवर जोरात पडतो. हो, जळते मी तुझ्यावर. तोंडाने कधी म्हणाले नसते, पण कागद काही उलटून बोलत नाही.

त्याच जळफळाटात चौथ्या पाऊचची वाट लावली. तुला माहितीये, चौकोन उलट्या बाजूने चारीकडून शिवण्याआधी चेन अर्धी उघडून ठेवायची, म्हणजे त्या फटीतून पाऊच सुलटा करता येतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्याच दिवशी हे बजावते. त्या रविवारी पलीकडे आई तुझ्याशी हसत होती, म्हणत होती, "हो गं, तुझ्या पाऊचची चेन झिजत आलीये, नवीन पाठव." आणि मी अलीकडे चेन घट्ट बंद ठेवून चारी बाजू शिवून मोकळी झाले, वर कडा कातरूनही टाकल्या. आता उलटवू कुठून? रनर आत, मी बाहेर. भावजींनी तो हातात घेऊन सगळीकडून फिरवला आणि म्हणाले, "हा मात्र चोराच्या बापालाही उघडायचा नाही." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

तू नवीन पाठवते म्हणालीस, तेव्हापासून आई रोज विचारायची, "पार्सल आलं का गं?" तुझं पार्सल काही येईना. मला बरं वाटत होतं, हेही लिहून टाकते.

आणि मागच्या आठवड्यात इस्त्रीने माझा उजवा तळवा भाजला. फार नाही, पट्टी बांधली आहे. आई पलंगावर बसली होती, म्हणाली, "माझा चष्मा काढून दे." मी तिच्या शेजारी बसले आणि डाव्या हाताने तुझ्या कडीला धरून ओढलं. एका ओढीत उघडला! मी चमकलेच. मग तिला झोप लागल्यावर कपाटातला माझा एक काढला, गळ्यात अडकवला, पट्टीचा हात मांडीवर लुळा टाकला आणि डाव्या हाताने उघडायला गेले. अख्खा पाऊचच कडीबरोबर सरकत आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग तुझ्याकडे पाहिलं, म्हणजे तुझ्या पाऊचकडे, आणि डोक्यात उजेड पडला.

आई काय करते, तर पाऊच मांडीवर घेऊन उजवा पंजा पाऊचच्या उजव्या टोकावर ठेवून देते. त्या पंजात जोर नाही, पण वजन आहे. तिथेच कडी. ती डाव्या हाताने धरायची आणि डावीकडे ओढायची. तुझी चेन उलटी, म्हणून तिला सुलटी. माझ्या चेनेची कडी डाव्या टोकाला, तिथे दाबून धरायला कोण आहे? मी कड्या मोठ्या केल्या, अस्तर पांढरं केलं, कॅनव्हास घातला, आणि चेन मात्र दर वेळी शहाण्यासारखी सरळ बसवली. आई एका शब्दाने बोलली नाही. मला वाईट वाटू नये म्हणून, की आपला हात गेला हे म्हणायचं नाही म्हणून, ते तिचं तिला माहीत.

म्हणजे लळाबिळा काही नव्हता! धाकटे, मला इतका आनंद झाला की मी दुकानात एकटीच हसले. तू आईचं मन वगैरे ओळखलं नव्हतंस. तू डावखुरी आहेस, एवढंच. ज्या डाव्या हातावर आई तुला लहानपणी फटके मारायची, "ताईचा हात बघ, कसा सरळ चालतो" म्हणायची, तोच हात. तेव्हा तू माझ्याकडे कशी बघायचीस ते मला आठवतं. मला तेव्हा मजा वाटायची.

मग पाचवा शिवला. भाजलेल्या हाताने, दुपारभर बसून. निळं जाड कापड, कारण ते मांडीवर घसरत नाही. पांढरं अस्तर, दाबटीप, गोळ्यांसाठी आत वेगळा कप्पा, तुझ्यासारखी पडद्याची कडी, आणि उजव्या टोकाला कापडाची जाड पट्टी, म्हणजे पंजा ठेवायला जागा. चेन उलटी. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम उलटी बसवली, हात नको नको म्हणत होता. बाई, काय झालाय म्हणून सांगू! माझ्या हातून याहून चांगली वस्तू उतरलेली नाही.

सोमवारी संध्याकाळी एका गिऱ्हाइकाची पँट आखत होते, तोंडात टाचण्या धरलेल्या. तशीच आत गेले आणि पाऊच तिच्या गळ्यात घातला. तिने पंजा ठेवला, कडी ओढली, सर्रकन उघडला. बंद केला. पुन्हा उघडला. आणि इतकी गोड हसली, धाकटे, झटक्यानंतर तोंड जरा वाकडं झालंय ना, ते वाकडं तोंडसुद्धा सुंदर दिसलं. म्हणाली, "आलं होय धाकटीचं पार्सल! तिलाच बाई कळतो माझा हात."

आणि मी म्हटलं, "हं."

तोंडात टाचण्या होत्या, दुसरं काय निघणार? पण टाचण्या थुंकायला किती वेळ लागतो? तेवढं मला करता आलं नाही. तिचं हसू मावळेल असं वाटलं असेल, किंवा इतका राग आला असेल की शब्द सुचला नसेल. दोन्ही खरं आहे. ती तुला लगेच फोन लावायला निघाली. मी म्हटलं, "आता ती कामावर असेल, रविवारी सावकाश बोल." एवढं सुचलं बरोबर.

काल सकाळी केस विंचरताना मात्र धीर केला. म्हटलं, "आई, तो पाऊच मी शिवलाय."

तिने माझा हात थोपटला. म्हणाली, "असू दे गं. तिचं कौतुक तिला राहू दे. तुझेही छानच आहेत, जपून ठेवलेत मी."

"अगं खरंच मीच शिवलाय."

"चेन बघ की," म्हणाली, "उलटी आहे. तू कधी उलटी शिवशील का? सांग बरं." आणि वर समजावणीच्या सुरात, "बहिणीबहिणींत असं करू नये."

आता बोल. इतके दिवस मीच तुझ्या उलट्या चेनेला हसले, आता ती चेनच माझ्यावर उलटली. विंचरून वेणी घातली आणि बाहेर येऊन बसले.

रडले म्हणशील तर हो. त्या पाऊचसाठी नाही. ती आता पलंगावर असताना तो उशाशी ठेवते. तुझा जुनाही ठेवलाय शेजारी, "दोन्ही तिचेच" म्हणून.

तर ताकाला जाऊन भांडं का लपवू? हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. रविवारी ती तुझं कौतुक करेल. खूप करेल, ऐकायला गोड लागेल, मला ठाऊक आहे, कारण लहानपणी ते सगळं मीच ऐकलंय. ऐक थोडं. तुझंही राहिलंय तेवढं. पण फोन ठेवण्याआधी म्हण, "आई, तो ताईने शिवलाय." माझं तिला खरं वाटत नाही. तुझं वाटेल.

नाही म्हणालीस तरी मला कळायचं नाही असं समजू नकोस. रविवारी मी मशीन बंद ठेवणार आहे.

आणि तुझं पार्सल खरंच निघालं असेल तर येऊ दे. पण त्याची चेन कशी बसवलीस, तेवढं मला आधी कळव.

खोकल्याला जप.

पडद्याअलीकडे बसलेली,
तुझी सरळ हाताची
ताई